आत्तीचा केक कुणी करपवला

अन्याय माझ्या आत्तीवर झाला. म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीवर. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत, वसुबारसेच्या दिवशी, भर दुपारी, सांगलीतल्या एका बेकरीच्या भट्टीच्या दारात. तिथं पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. त्यातल्या एकीलाही 'मी पाहिलं नाही' असं म्हणता येऊ नये, म्हणून जागा आणि वेळ आधीच सांगून टाकते.

आत्ती सांगलीतल्या ज्या नर्सांच्या होस्टेलात काम करते, तिथं आजही कुणी तिचा विषय काढला की म्हणतात, "ती होय? ती केक करपवते." हे खोटं आहे. केक करपला, एवढंच खरं. कुणी करपवला, ते सांगायला मी बसले आहे.

आत्ती कवठे महांकाळकडची. दुष्काळात खडी फोडून हात सोलवटले, तेव्हा ती सांगलीला आली आणि त्या होस्टेलात भांडी घासायला लागली. दिवाळीत काही पोरींना ड्यूटीमुळं घरी जाता यायचं नाही. त्यांच्यासाठी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मेट्रनबाई एक मोठा केक कापायच्या. तो करायची तिथली म्हातारी स्वयंपाकीण, ख्रिस्ती बाई. केक साधा नव्हता. होस्टेलच्या कुंपणावर डांगराचा वेल होता, लाल भोपळ्याचा. पावसाळा सरला की तो असा लगडायचा की भाजी खाऊन पोरी कंटाळायच्या. म्हणून म्हातारीनं डांगर केकात घातलं. मग गाजर घातलं, काळी पडायला आलेली केळी घातली, बेदाणे घातले, साखरेऐवजी सांगलीचा गूळ घातला, आणि वरून लवंग, दालचिनी, सुंठ, जायफळ. असा केक पेठेतल्या कुठल्या दुकानाच्या काचेत दिसला नसता. पण पोरी त्याची वर्षभर वाट बघायच्या.

दोन वर्षं आत्तीनं म्हातारीच्या शेजारी बसून डांगर किसलं. तिसऱ्या वर्षी म्हातारी लेकीकडं कायमची निघून गेली. मेट्रनबाई आत्तीला म्हणाल्या, "यंदाचा केक तू कर. जमला तर चुलीपाशी ये. नाही जमला तर भांडी आहेतच."

एवढंच पणाला लागलेलं होतं. चूल की मोरी.

मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होते. सुट्टीला यष्टीनं सांगलीला आले, तेव्हा माझ्या पिशवीत कपडे कमी आणि आम्ही सायक्लोस्टाईल केलेली पत्रकं जास्त. आमच्या घरात दिवाळी नव्हती. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली, तेव्हापासून आमचा दिवस दसऱ्याचा. फराळ नाही, पणत्या नाहीत. आणि इथं आत्ती उंबऱ्यात बसून गाजर किसत होती.

"आत्ती, केक म्हणजे साहेबाचं खाणं," मी म्हणाले. "आपण कशाला त्यांची चाकरी करायची?"

"व्हय का? आन् हे डांगर कुणाचं गं? साहेबाच्या बाचं?" ती मान वर न करता म्हणाली. "हितं बस, आन् बेदाण्यास्नी पीठ चोळ. न्हाईतर समदं तळाला जाऊन बसत्यात. तुज्या पुढाऱ्यांवानी."

मी बसले. बेदाण्यांना पीठ चोळलं. ती किसलेलं डांगर धोतराच्या फडक्यात घालून पिळत होती. पाणी राहिलं तर केक मधोमध खचतो. लवंग आणि दालचिनी खलबत्त्यात कुटायला घेतली तशी आळीतली पोरं दारात गोळा झाली, मग शेजारणी. "काय करताय वं आत्ती, लगीन हाय का काय?" गूळ वितळवून गार केला, केळी कुस्करली, अंडी फोडली. सगळं एका पत्र्याच्या डब्यात गेलं. म्हातारी ज्या डब्यात केक करायची तोच हा डबा, एका कानाशी पोचा आलेला.

एक गोष्ट मात्र डब्यात गेली नाही. खायचा सोडा. त्याची पुडी आत्तीनं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"सोडा ऱ्हायला की," मी म्हणाले.

"ऱ्हायला न्हाई, ठिवलाय. सोडा पडला की केकाला दम धरवत न्हाई. लगेच आत जाया पायजे. आपल्याला भट्टीवर बसायचंय सांजपातूर."

तिचा बेत मला तेव्हा कळला. दिवाळीच्या आधी सगळं गाव आपापलं पीठ, तूप, साखर घेऊन भट्टीवर नानकटाई भाजायला जातं, हे तुम्हाला माहीत आहे. बाहेर एक लांब फळी असते. आपला पत्रा फळीवर ठेवला की तो आपला नंबर. माणूस हलला तरी पत्रा हलत नाही. सकाळी भट्टी लाल असते, कडक. नानकटाईचे पत्रे घटकाभरात आत-बाहेर. दिवस कलला की भट्टी उतरणीला लागते, आणि केकाला हवा असतो तो हाच उतरता ताव. म्हणून म्हातारी नंबर लावायची, आणि नंबर आला की भट्टीवाल्या चाचांना म्हणायची, "माझं मागं ठेवा." सगळ्यांचं झाल्यावर केक आत जायचा आणि सावकाश फुगायचा. आत्तीही तेच करणार होती. आपण होऊन, शेवटी.

आम्ही गेलो तेव्हा फळीवर पत्र्यांची रांग होती. आत्तीनं डबा शेवटच्या पत्र्यामागं ठेवला, वर ओलं फडकं टाकलं आणि सावलीला टेकली. मागं आणखी बायका आल्या. त्यात एक म्हातारी होती, वाळव्याकडची, नऊवारीतली, दोन पोरं फौजेत असलेली. पोरं सुट्टीवर यायची म्हणून तिनं मोठे दोन पत्रे आणले होते, आणि ती ज्याला त्याला पोरांच्या पलटणीचं सांगत होती. सगळं बरं चाललं होतं. नंबर पुढं सरकत होता.

मग एक चष्मेवाली बाई आली. आमच्या वस्तीच्या पुढच्याच आळीत राहणारी. तिनं आत्तीला ओळखलं. मग डब्याकडं पाहिलं.

"काय आहे त्यात?"

"केक."

"अंडं घातलंय?"

"घातलंय की. बिनअंड्याचा कसा फुगंल?"

बाई चाचांकडं वळली. "अहो चाचा, सणासुदीचं आमचं आत जातंय. हिचं सगळ्यांचं झाल्यावर घ्या. आमच्या पत्र्यांना लागून नको."

मला इथं थांबून विचारायचंय. ज्या भट्टीत वर्षभर अंड्याची बिस्किटं भाजतात, तिथं अंड्याचा विटाळ कधीपासून? मागल्या दिवाळीत हाच केक, याच डब्यात, एवढ्याच अंड्यांचा, याच भट्टीत गेला होता. म्हातारी स्वयंपाकीण घेऊन आली होती तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. डबा तोच. अंडी तीच. बदलली होती ती डबा धरणारी.

चाचा भट्टीतला पत्रा फिरवत राहिले. बाकीच्या बायका आपापल्या पत्र्यांकडं बघत राहिल्या. तेवढ्यात त्या बाईनं पिशवीतून वर्तमानपत्राचा कागद काढला, तो हातात धरला, आणि कागदानं आमचा डबा उचलून फळीवरून खाली ठेवला. राखेच्या ढिगात. मग कागद राखेत टाकला.

कागदानं. मी हे विसरणार नाही.

मी सुरू झाले. घटना, कायदा, अस्पृश्यता हा गुन्हा, पत्रकातली वाक्यंच्या वाक्यं तोंडून यायला लागली. माझा आवाज एवढा चढला की पलीकडचा सायकलवाला येऊन उभा राहिला.

"गप," आत्ती म्हणाली. "ही सभा न्हाई."

"पोरी, लय आरडू नगंस," फौजींची आई म्हणाली. "भट्टीचा ताव वाढंल."

दोघीतिघी हसल्या. मी आणखीच पेटले, पण आत्ती उठली होती. तिनं डबा राखेतून उचलला. बुड पदरानं पुसलं. आणि आपल्या जागेवर, फळीवर, जिथून तो काढला होता तिथंच परत ठेवला. "माजा नंबर ह्यो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ह्यो सोडून मी कुटं जायाची न्हाई."

चाचा जवळ आले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. हळूच म्हणाले, "बाई, ऐका. शेवटीच घाला. तुमच्या केकाला तेच बरं. आत्ता आत लय ताव हाय. करपंल."

"ठावं हाय, चाचा. मी सोताच मागं ठिवणार हुते. होस्टेलची म्हातारी कशी ठिवायची त्ये तुमाला ठावं हाय, तिनंच शिकिवलंय."

"मग झालं की!"

"न्हाई झालं. मी मागं ऱ्हाणार हुते ते येगळं. मला मागं बसिवलं ते येगळं."

आणि तिनं पदराची गाठ सोडली. पुडी उघडली, सोडा डब्यात टाकला आणि तिथंच उभ्या उभ्या पिशवीतल्या उलथन्यानं ढवळायला लागली. मी तिचा हात धरणार होते. आता मागं फिरता येणार नव्हतं. सोडा पडला होता. केक आता आत जाणार, नाही तर वाया जाणार.

तिचा नंबर आला. चष्मेवाली म्हणाली, "त्या घाण्यात माझा पत्रा नको." तिच्या शेजारणीनं आपला पत्रा मागं ओढला. आणखी एकीनं ओढला. चाचा लांब दांड्याचं फावडं हातात धरून नुसते उभे. भट्टीचं तोंड उघडं, आत रिकामी जागा, आणि फळीवर एकटा आमचा डबा.

तेव्हा वाळव्याची म्हातारी उठली. मघाशी मला गप्प बसवणारी. तिनं आपले दोन्ही पत्रे उचलले, रांगेतून पुढं आली आणि डब्याला घासून ठेवले.

"घाला वं चाचा. माजं हिच्या संगं घाला."

"म्हातारे, तुजा नंबर नाही अजून," मागून कुणीतरी म्हणालं.

"माजं दोन नंबर पलटणीत हायत, माजी दोन पोरं. तितं एकाच डेगीतलं खात्यात. घाला. जळलं तर दोघींचं जळंल."

चाचांनी घातलं. आमचा डबा त्यांनी भट्टीच्या तोंडाशी ठेवला, जरा कमी ताव असतो तिथं, आणि वरून ओला कागद झाकला. जमेल तेवढं केलं. पण भट्टी लालच होती. थोड्या वेळानं दालचिनीचा वास आला, सगळ्या रांगेला आला. मग गुळाचा जळका वास आला.

केक निघाला तेव्हा वरचा थर कोळसा. वाळव्याच्या म्हातारीची नानकटाईही जरा काळवंडली होती. तिनं एक तोडून खाल्ली, म्हणाली, "खरपूस हाय. पोरास्नी आवडती आशीच." खोटं बोलली. मला अजून त्या खोट्याचं प्रेम वाटतं.

घरी येऊन आत्तीनं सुरीनं वरचा थर काढला. आतला केक तांबूस, ओलसर, बेदाणे तळाला न गेलेले. तो तिनं फडक्यात बांधून होस्टेलला नेला. काढलेला काळा थर आम्ही दोघींनी चहात बुडवून खाल्ला. कडू होता, आणि कडूच्या मागून जायफळ.

मेट्रनबाईंनी विचारलं, "वरचा भाग कुठाय?"

आत्ती म्हणाली, "भट्टी तापल्याली हुती."

"मग थांबायचं होतंस ना. म्हातारी थांबायची. एवढं कळू नये?"

आत्तीनं फडक्याची घडी घातली. मेट्रनबाईंनी चव घेतली, आत बरा झालाय म्हणाल्या. चुलीपाशी दुसरी बाई आली. आत्ती मोरीवर राहिली, आजही आहे.

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, सांगितलं का नाहीस?

"रडगाणं गाऊन चूल मागायची व्हय? आन् मला कळतंया कवा थांबायचं. त्ये त्यास्नी कळाय पायजे."

ती बोलली नाही, म्हणून मी बोलते. मला शहाणी माणसं सांगतात, तिनं अडून बसायला नको होतं, शेवटी घातला असता तर केकही झाला असता आणि चूलही मिळाली असती. बरोबर. मग हा प्रश्न तिलाच का? जिनं कागदानं डबा उचलला तिला कुणी विचारलं का, बाई, तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? ज्यांनी पत्रे मागं ओढले त्यांना? चाचांना? राखेतला डबा परत उचलणारीनंच समजुतीनं वागायचं, हा कुठला न्याय?

आता तुम्हाला सांगते. या दिवाळीत तुम्हीही भट्टीवर जाल. तुमचा पत्रा फळीवर असेल. कुणीतरी कुणाला तरी म्हणेल, तू शेवटी. तेव्हा आपल्या पत्र्याकडं बघत उभ्या राहू नका. तो उचला, पुढं जा, आणि तिच्या डब्याला घासून ठेवा. मग तिलाच विचारा, बाई, आता घालायचा का मागनं? ती जे म्हणेल तसं होईपर्यंत तिथून हलू नका. तुमची नानकटाई जरा काळी झाली, तर होऊ द्या.