बाबांसाठी कर्ल्यू

काल दादा आणि मी खाडीवर गेलेलो. पाडवा झाला, ऊन चढलं की थंडीत आलेले पक्षी परतायला लागतात... त्याआधी बाबांसाठी कर्ल्यूचा आवाज रेकॉर्ड करायचा होता.

बाबा वागळे इस्टेटला नोकरीला होते. सुट्टी मिळाली की दुर्बीण गळ्यात आणि स्वारी खाडीवर. गेल्या वर्षी काचबिंदूने उरलीसुरली नजरही नेली. आता ते कळव्याला माझ्याकडे असतात आणि मी आणलेले पक्ष्यांचे आवाज ऐकतात. लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू त्यांचा सगळ्यात लाडका... आणि या सीझनला नेमका तोच मिळत नव्हता.

खरं सांगते, मला रविवारी फक्त झोपायचं होतं. ऑफिस, स्वयंपाक, बाबांचे ड्रॉप्स, परत ऑफिस... पण ते शनिवारपासून विचारत होते, "ओहोटी कधी आहे गं उद्या?" मग काय, निघाले.

बांधावर उन्हात बसून डोकं ठणकायला लागलं. शेवटी समोरच्या चिखलात एक कर्ल्यू उतरला आणि चक्क बोलला. मी रेकॉर्डरचं बटण दाबलं, श्वास रोखून बसले. तो उडाला तसं पुन्हा दाबून बंद केलं. सुटलो एकदाचे, म्हटलं.

मग डबा उघडला आणि आमची जुंपली. दादा राहतो डोंबिवलीला, उगवतो कधीतरी. म्हणाला, "बाबा किती बारीक झालेत. तू लक्ष देत नाहीस का?" माझं टाळकंच सटकलं. "मी थकलेय रे. रोज मी करायचं आणि तू येऊन मार्क द्यायचे. ने ना त्यांना तुझ्याकडे थोडे दिवस." पुढे अजून बरंच बोलले...

संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो तर बाबा चहा संपवून तयारच बसलेले. मी स्पीकर लावला. आधी डब्याचा खडखडाट. मग दादा. मग मी.

या रेकॉर्डरचं बटण एकदा दाबलं की दिवा नुसता लुकलुकतो, दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. उन्हात मला दिवा दिसलाच नव्हता. कर्ल्यू बोलला तेव्हा मशीन नुसतं तयारीत, आणि मी बंद केलं समजले तेव्हा ते चालू झालेलं.

मी धावले बंद करायला. "थांब," बाबा म्हणाले. "जरा मागे घे."

"ने ना त्यांना तुझ्याकडे..." पुन्हा सगळ्या खोलीत वाजलं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. दादा खिडकीबाहेर बघत उभा.

"ऐक नीट. तुझ्या मागे बोलतोय बघ."

खरंच कर्ल्यू होता... लांबून, पण अगदी स्वच्छ. आम्ही तावातावाने भांडत होतो आणि मागे तो हाका मारत होता. दोघांनाही पत्ता नाही.

बाबांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मी म्हटलं, माझा आवाज कापून देते. "राहू दे," म्हणाले. थोड्या वेळाने दादाकडे तोंड करून म्हणाले, "नितीन, शनिवारी मला न्यायला ये. चार दिवस राहीन म्हणतो. हिला झोप काढू दे."

दादा नुसतं "हो बाबा" म्हणाला. मी आत जाऊन रडले.

थकवा अजून आहेच. पण काल बाबांनी दोघांनाही ऐकलं... कर्ल्यूला आणि मला.