सिस्टरांची सुई

जगातला कोणताही माणूस सुईदोऱ्यानं सुधारता येतो, असं आमच्या शाळेच्या थोरल्या सिस्टर मानत, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यांनी ते खरं करून दाखवलं. त्यांच्या झग्याच्या खिशात जपमाळ आणि दोऱ्याचं रीळ एकत्र नांदे, त्यामुळे जपमाळ नेहमी पांढऱ्या दोऱ्यात गुंतलेली. सकाळी फाटकात उभ्या राहून त्या लोंबती बटणं हेरत. ज्याचं सापडे त्याला तिथंच धरून शिवायला घेत आणि शिवता शिवता त्याला द्यायची राहिलेली सगळी बोलणी उरकून टाकत. सुई गळ्याशी असताना पळणार कोण? "हलू नको," एवढंच त्या म्हणत. केरळातून आलेल्या सिस्टर मराठी शिकल्या त्या आमच्याकडून आणि शहागंजच्या भाजीवाल्यांकडून. 'तुम्ही' म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. तपासणीच्या साहेबांनाही "बस तू, चाय पी" म्हणत, आणि साहेब निमूट बसत. चर्चमागच्या दोन पत्र्याच्या खोल्यांची त्यांनी तीन मजली शाळा केली. विणकरांची, शेतकऱ्यांची, कामगारांची मुलं-मुली तिथं एकाच बाकावर बसत. कुणी नापास होऊन रडू लागलं, की सिस्टर म्हणत, "परत बस. बाक कुठं पळून जातो?"

मी नववीत असताना दिवाळीची सुट्टी संपली तरी वसतिगृहात परतले नाही. बिडकीनला, आमच्या गावी, मला पाहायला पाहुणे यायचे होते. बाहेर चाहूल लागली तशी, पाहुणेच आले समजून आईनं पोह्यांच्या बशा पाठवल्या, तर बैठकीत एस.टी.च्या धुळीनं माखलेल्या सिस्टर! दोन बशा संपवून म्हणाल्या, "मीठ कमी." तेवढ्यात खरे पाहुणेही दारात आले. वडील घाईनं उठले. "सिस्टरबाई, आमच्या घरचं आमाला बघू द्या."

सिस्टरांची नजर वडिलांच्या सदऱ्यावर गेली. वरचं बटण लोंबत होतं. भर पाहुण्यांसमोर त्यांनी कॉलर धरली. "हलू नको, भाऊ."

वडील भिंतीला टेकलेले, हनुवटी वर. पाहुणे चपला काढायचे थांबलेले. मी आतल्या चौकटीला घट्ट धरून उभी.

"पोरगी लई हुशार आहे," सिस्टर टाका घालत म्हणाल्या.

"व्हय."

"लग्न पळून जातं का?"

"नाय."

"मग शिकू दे."

वडिलांनी डोळे पाहुण्यांकडे वळवले. आणखी एक टाका.

"सिस्टरबाई, पाहुणे उभे हायेत."

"मी पण उभी."

"बरं. धाडतो पोरीला."

सिस्टरांनी दातानं दोरा तोडला आणि पाहुण्यांतल्या आजोबांना म्हणाल्या, "ये, बस तू. पोह्यात मीठ टाकून खा."

तो सदरा पुढं विरून गेला, पण ते बटण निघालं नाही. वडील शब्दाला जागले, आणि मी दहावीच काय, कॉलेजही पुरं केलं.

गेल्या महिन्यात सिस्टर गेल्या. चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही पिकल्या केसांचे विद्यार्थी जमलो होतो, आणि आत शिरताना जो तो नकळत गळ्याशी हात नेऊन बटण चाचपत होता. माझ्या वर्गातला एक जण, आता बजाजनगरात वर्कशॉप चालवणारा, दारातच अडला. त्याचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"असा कसा जाऊ गं त्यांच्यापुढं?"

माझ्या पर्समध्ये सुई असतेच. मी टाके घालू लागले, आणि त्याचे खांदे हुंदक्यांनी गदगदू लागले.

"हलू नको," मी म्हणाले, आणि मग मलाच दोरा दिसेना.