मे महिन्यातली तलावटोली

मलेरिया ऑफिसात नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी सरली. तिथले किस्से इतके साचलेत की सांगायला बसलो तर संध्याकाळ पुरत नाही. ऐकणारे हसतात, माझं मात्र अजूनही डोकं फिरतं. विषय निघाला की बायको आधी बीपीची गोळी शोधते.

*

ऐंशीनंतरची गोष्ट. उपग्रहाचा फोटो पहिल्यांदा आमच्या नागपूरच्या टेबलावर आला. साहेबांनी त्यावर हात फिरवला आणि ऑर्डर सोडली, "लाल दिसतंय तिथे डेंजर. आधी तिथे फवारा."

अहो, त्या फोटोत झाडी लाल दिसते! मी सांगायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही रेषा ओढा."

गँग डीडीटीचे पंप घेऊन दिवसभर सागाच्या जंगलात फिरली. डीडीटी मारायची घरांच्या भिंतींवर; तिथे फवारायला एक भिंत सापडली नाही.

*

मग साहेब एवढं शिकले की काळं म्हणजे पाणी. पाणी नाही तिथे डास नाही, आणि डास नाही तिथे फवारणी नाही. उमरेडकडची तलावटोली नावाची वस्ती फवारणीच्या यादीतून उडाली. कारण फोटो मे महिन्यातला, तलाव कोरडा ठाक.

आमचा फवारणीवाला वानखेडे म्हणाला, "साहेब, पावसाळ्यातला फोटो काहून नाही मागवत?"

"पावसाळ्यात ढग असतात. वरून काही दिसत नाही."

"डासाले दिसते ना जी."

*

श्रावणात टोलीत घरोघर हिवताप. वानखेडेनं त्या तलावाचं पाणी बाटलीत भरून आणलं. आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. बाटली त्यानं फोटोवर, बरोबर टोलीच्या जागी ठेवली.

साहेब ओरडले, "उचला ती! फोटो ओला होईल."

तिकडे माणसं कुडकुडत होती आणि यांना फोटोची काळजी. लाज वाटली मला त्या खुर्चीत बसायची.

*

शेवटी मी भांडलो, "एकदा डोळ्यांनी पाहा." जीप निघाली. टोलीजवळ पुढचं चाक पाण्यात गेलं आणि आम्ही थांबलो. समोर तलाव तुडुंब.

साहेबांनी बॉनेटवर फोटो पसरला. "रस्ता चुकलो आपण. इथे मोकळं मैदान आहे. पलीकडे दवाखाना, पायी सरळ जाता येतं."

टोलीतली सुमनबाई तिथेच उभी होती. कडेवर तापानं फणफणलेली पोरगी. त्याच दवाखान्यात जायला तिला सगळ्या तलावाला वळसा घालायचा होता. तिनं आधी पाण्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"मैदान आहे म्हणता ना साहेब? मंग घ्या इले, अन् चाला सरळ."

आणि पोरगी तिनं साहेबांच्या हातात दिली.