सैंधव चालतं

शरदिनीबाईंचं माहेर मुन्शी घाटाजवळ आणि सासर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. म्हणजे लग्न होऊन बाई आल्या त्या पायी वीस मिनिटांवर. सदुसष्ट वर्षांत त्या काशीबाहेर तीनदा गेल्या आणि तिन्ही वेळा प्यायचं पाणी घरून घेऊन गेल्या. बाहेरचं खाणं सोडाच, दुसऱ्याच्या घरचा चहासुद्धा त्यांनी कधी तोंडाला लावला नाही. कुणी फार आग्रह केला तर "माझं आत्ताच झालं" म्हणून हसायच्या. स्वभाव ठाऊक असलेली माणसं त्या भानगडीत पडत नसत.

स्वयंपाकात मात्र त्या पट्टीतल्या मराठी घरांत बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नाही हा घरचा नियम, तेव्हा मीठ घालायचं ते हाताच्या अंदाजानं, जिभेच्या नव्हे. वसंतपूजेला पन्नास पानं असोत नाहीतर घरचे दोघंच, आमटी कधी अळणी झाली नाही आणि खारटही नाही. पंगत उठल्यावर पानातल्या डाव्या बाजूचं मीठ जसंच्या तसं पडलेलं असायचं. ते बघितलं की बाईंना आत कुठेतरी बरं वाटे. तोंडानं बोलायच्या नाहीत, पण उष्टी काढताना ते मीठ मोजल्यासारखं बघत जायच्या.

त्यांचे यजमान विश्वेश्वरगुरुजी वेदांचे घनपाठी. छत्री विसरायचे, चष्मा विसरायचे, एकदा तर भर श्राद्धाच्या दिवशी यजमानाचं घरच विसरले. पण पाठातली मात्रा त्यांनी पन्नास वर्षांत चुकवली नव्हती. सकाळी माडीवर त्यांचा वर्ग भरे आणि आवाज खाली गल्लीत पानवाल्यापर्यंत जाई. त्या आवाजावर घर चालत होतं आणि गुरुजीही चालत होते.

तो आवाज दोन वर्षांमागे एका सकाळी गेला. शिंदे घाटावर स्नान करून गुरुजी संध्येला बसले, आचमन केलं, आणि पुढचा शब्द येईना. ओठ डावीकडे ओढला गेला. नाववाल्यांनी उचलून घरी आणलं. अकरा दिवस हा माणूस नुसता बघत होता. बाराव्या दिवशी "पाणी" म्हणाला आणि बाईंनी देवापुढे डोकं आपटून घेतलं.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. "पंडितजी, बीपी की बीमारी है. नमक एकदम बंद. दुबारा अटैक आया, तो आवाज़ वापस नहीं आएगी."

झालं! बाईंनी ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं बांधून ठेवलं. घरी आल्या त्या आधी मिठाची बरणी उचलून शेजारी देऊन आल्या. लोणच्याच्या दोन बरण्या, पापडांचा डबा, सगळं वाटून टाकलं. गुरुजींची सकाळची कचोरी-जिलबी बंद केली. आणि त्या दिवसापासून घरात मिठाचा कण आला नाही.

मग स्वयंपाक कशात? तर सैंधवात. इथले लोक ज्याला सेंधा नमक म्हणतात, ते गुलाबी खडे. बाई ते खलबत्त्यात स्वतः कुटायच्या. एकादशीला मीठ चालत नाही, सैंधव चालतं. चतुर्थीला चालतं, शिवरात्रीला चालतं. इतक्या पिढ्यांनी जे मिठातून वेगळं काढून ठेवलं, ते मीठ असेलच कसं? बाईंना हा प्रश्नच पडला नाही. उलट त्यांना वाटलं, बरं झालं, आता रोजचंच जेवण उपासाचं. सैंधव जरा सौम्य लागतं म्हणून त्या चिमटीऐवजी दीड चिमूट घालत. लोणचंही सैंधवात घातलं. पापडही सैंधवाचे लाटले. दोन वर्षं बाईंनी हे व्रत पाळलं आणि त्याचा त्यांना अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

गुरुजींची वाचा हळूहळू परतली, वर्गही पुन्हा भरू लागला. बीपी मात्र उतरेना. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "नमक बंद है ना?" आणि बाई दर वेळी मान ताठ करून सांगायच्या, "एकदम बंद."

या चैत्रात मृणालिनी आली. रेल्वेतल्या एका मराठी अधिकाऱ्याची मुलगी, आहारशास्त्रात संशोधन करणारी. काशीतल्या जुन्या घरांत लोक काय खातात आणि त्यांना बीपी, साखर, पक्षाघात किती होतो, हे ती घरोघर जाऊन लिहून घेत होती. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. बाईंना मुलगी आवडली, पण सोवळ्याच्या स्वयंपाकघरात तिला घेणं शक्य नव्हतं. तेव्हा मृणालिनी उंबऱ्याबाहेर पाटावर बसून प्रश्न विचारायची आणि बाई आतून उत्तरं द्यायच्या.

"मीठ, काकू? नमक?"

"घरात नाही."

"बिलकुल नाही?"

"दोन वर्षं झाली. शेजारी विचार हवं तर."

मुलीनं कौतुकानं मान हलवली आणि तसंच लिहून घेतलं. मग तिनं दोन पांढरे कॅन पुढे केले. चोवीस तासांची लघवी गोळा करायची, दोघांची वेगवेगळी. माणूस जेवढं मीठ खातो त्यातलं बहुतेक तिकडूनच बाहेर पडतं, त्यामुळे तोंडी हिशेबापेक्षा हे खरं, असं ती म्हणाली. एकाच चुलीवर जेवणारी दोन माणसं तिला हवीच होती.

आता ते कॅन ठेवायचे कुठे? देवघर खाली, स्वयंपाकघर खाली, माडीवर वेदांचा वर्ग. शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जागा ठरली. गुरुजींचा कॅन नीट भरला. बाईंचा दुपारीच माकडांनी आडवा केला आणि सगळी गच्ची धुवायची वेळ आली. मृणालिनी हसून म्हणाली, "काही नाही काकू, आपण पुढच्या हप्त्यात परत करू." तसा बाईंचा कॅन आठवड्यानं भरला, या वेळी वर वीट ठेवून.

गुरुजींचा रिपोर्ट आधी आला. मृणालिनीनं फोनवर चाचरत सांगितलं, "काकू, काकांचं नमक अकरा ग्राम येतं आहे. दिवसाला पाचच्या आत पाहिजे. काका बाहेर काही खातात का?"

अकरा! घरात कण नाही आणि पोटात अकरा ग्राम! फोन ठेवून बाई माडीवर गेल्या.

"कचोरी कधीपासून सुरू केलीत?"

गुरुजी पोथी वाचत होते. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्यांनी पोथी मिटली, शांतपणे उठले, कोनाड्यातल्या गडूतलं गंगाजल ओंजळीत घेतलं. "हे हातात घेऊन सांगतो. दोन वर्षांत बाहेरचा घास नाही."

"मग ते मीठ काय आभाळातून पडलं?"

"मला काय ठाऊक? पण मी खाल्लं नाही."

बाईंना पटलं नाही. आता याला काय म्हणावं! ज्या माणसानं आयुष्यभर एक मात्रा इकडची तिकडे केली नाही, त्याच्या शब्दापेक्षा बाईंना स्वतःच्या चुलीची खात्री जास्त होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या चक्क कचोरीच्या दुकानापुढे जाऊन उभ्या राहिल्या. शेजारपाजारचे पाच-सहा जण द्रोण घेऊन खात होते. सगळ्यांसमोर बाईंनी विचारलं, "हमारे पंडितजी आते हैं यहाँ?"

"अरे माताजी, दुइ साल से त दर्शने नाहीं भयल," दुकानदार म्हणाला. बाईंना वाटलं, हाही सामील आहे.

ही बातमी त्यांच्या आधी घरी पोहोचली. आठ दिवस घरात फक्त ताट वाढण्याचा आणि उचलण्याचा आवाज होता. बाईंच्या मनात एकच धास्ती होती. हा माणूस चोरून खातो आहे, एक दिवस ओठ पुन्हा वाकडा होईल, आणि या वेळी "पाणी"सुद्धा ऐकू येणार नाही. म्हणून त्या जास्तच काळजीनं रांधायच्या, जास्तच निगुतीनं सैंधव कुटायच्या.

नवव्या दिवशी मृणालिनी स्वतः आली. उंबऱ्यापाशी बसली. हातातला कागद तिनं दोनदा वाचला.

"काकू, आपला रिपोर्ट आला. मला समजत नाही आहे. आपलं बारा ग्राम आहे."

"कुणाचं?"

"आपलं. काकांपेक्षा जास्त."

शरदिनीबाईंच्या हातातली भाजी खाली पडली. त्या कचोरी खात नव्हत्या. त्या कुणाच्या घरचं पाणी पीत नव्हत्या. त्यांच्या पोटात जे गेलं ते याच चुलीवरून गेलं होतं.

"चूक असेल," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तर माझी एकादशी होती. एकादशीला मी मिठाला शिवतसुद्धा नाही. बटाटा, वरी, दाण्याची आमटी, सगळं सैंधवातलं."

मृणालिनीनं मान वर केली. "सैंधवातलं?"

"हो. सगळंच सैंधवातलं असतं आमच्याकडे. रोजचं. म्हणून तर म्हटलं, मीठ नाही घरात."

मुलीनं पेन खाली ठेवलं. "काकू, ते मीठच आहे. रंग वेगळा, खडा मोठा, पण शंभरात पंच्याण्णव-सत्त्याण्णव हिस्से तेच नमक. बीपीला काही फरक नाही पडत. उलटं त्यात आयोडीनही नसतं." मग चूक आपलीही असल्यासारखी ती पुटपुटली, "मी पण आत येऊन डबा बघायला पाहिजे होता. शून्य लिहून मोकळी झाले."

"उपासाला चालतं ते," बाई म्हणाल्या.

"उपासाला चालतं काकू. बीपीला नाही चालत."

मग ती हळूहळू सांगत राहिली. चीनमधल्या खेड्यांत हजारो लोकांच्या घरचं मीठ बदलून, सोडियम कमी असलेलं मीठ देऊन वर्षानुवर्षं बघितलं, तर पक्षाघाताचे झटके खरंच कमी झाले. पण तसलं मीठही मूत्रपिंड तपासल्याशिवाय काकांना द्यायचं नाही. आधी फक्त हात आखडता घ्यायचा. बाईंना यातलं निम्मंही ऐकू गेलं नाही. त्या समोरच्या सैंधवाच्या डब्याकडे बघत होत्या. दोन वर्षं. दिवसाला दोन जेवणं. सौम्य लागतं म्हणून दीड चिमूट. ज्या हाताचं कौतुक साऱ्या घाटांवर होतं, त्याच हातानं त्या आपल्या नवऱ्याची वाचा रोज थोडी थोडी पुसत होत्या, आणि वर देवापुढे म्हणत होत्या की यांना सांभाळ.

"आता काय होईल गं यांचं?"

"अजून काही झालं नाही ना काकू? मग वेळ आहे," मृणालिनी म्हणाली आणि मूत्रपिंडाची, डोळ्यांची तपासणी लिहून देऊन गेली.

वर्ग सुटला होता. गुरुजी माडीवर एकटेच बसले होते. बाई जिना चढल्या, दारात उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अकरा, बारा, एकादशी, सैंधव, काही लपवलं नाही. "तुम्ही खोटं बोलत नव्हता. मीच घालत होते. माझ्या हातानं तुमची वाचा गेली असती हो!"

गुरुजी त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, शब्द आला नाही. पुन्हा हलले.

बाई धावत जाऊन खाली बसल्या, त्यांचा जबडा दोन्ही हातांत धरला, ओठ सरळ आहे का बघू लागल्या. "बोला ना! अहो, बोला काहीतरी! पाणी म्हणा!"

गुरुजींनी त्यांचे हात बाजूला केले.

"वाचा ठीक आहे," ते म्हणाले. "राग आलाय. म्हणून शब्द येत नाही."

"यायलाच हवा. एवढं मीठ..."

"मिठाचा नाही. एकादशीला सैंधव चालतं हे मी स्वतः शंभर लोकांना सांगितलंय. मलाही नाही सुचलं. तुला काय बोलू?" ते थांबले. आवाज चढला नव्हता. "पण मी गंगाजल हातात घेऊन सांगितलं आणि तू कचोरीवाल्याला विचारायला गेलीस. या आठ दिवसांत मला दुसरा झटका आला असता, तर तुझ्या मनात मी खोटारडाच राहिलो असतो शरदिनी. आणि मला ते खोडायला तोंड उरलं नसतं."

बाई होत्या तिथेच बसून राहिल्या. जेवणाची वेळ टळून गेली, तरी दोघांपैकी कुणी खाली गेलं नाही.