डाएट, डीपी आणि एक धपाटं

आमच्या जालना जिल्ह्यात माणसानं जेवण सोडलं तर लोक त्याला 'तब्येत बरी आहे ना' असं विचारत नाहीत, 'मागणी काय' असं विचारतात. पन्नाशी इथंच गाठली तरी एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नाही, आणि माझ्या पोटाचा प्रश्न थेट तहसील कचेरीपर्यंत गेला.

मी परतूर तालुक्यातल्या एका गावात टेलर आहे. गाव मला मास्टर म्हणतं. उभी हयात लोकांच्या कमरांची मापं घेण्यात गेली, त्या नादात स्वतःच्या कमरेकडं बघायचं राहून गेलं. पुतण्याच्या साखरपुड्यात मी नवरीच्या आजोबांच्या पाया पडायला वाकलो आणि माझी पँट मागच्या शिवणीवर टर्रकन फाटली. पँट कोणाचीही फाटू शकते. पण ही मी स्वतः शिवलेली होती, आणि मांडवात माझी निम्मी गिऱ्हाइकं बसली होती. एक जण तर तिथल्या तिथं आपल्या पँटची शिवण चाचपून बघायला लागला. धंद्याच्या दृष्टीनं तो दिवस फार वाईट गेला.

माझा मेहुणा संजय जालन्याला असतो. तो आधी माझ्यापेक्षा जाड होता. मोबाइलवर कोणाचं तरी बघून बारीक झाला, आणि बारीक झालेला माणूस कधी गप्प बसत नाही.

"दाजी, काहीच करायचं न्हाई," तो म्हणाला. "दुपारी बारा ते रात्री आठ खायचं. बाकी येळ पोटाला सुट्टी. फक्त पाणी."

"अन् चहा?"

"बिनदुधाचा, बिनसाखरेचा चालतो."

"मंग त्याला चहा काहून म्हणायचं?"

आतून माझी बायको मंगल बोलली, "संजू, कशाला तोंडाची वाफ दवडतो? यांच्यानं व्हायचं न्हाई. एकादशीला डोळे उघडायच्या आधी विचारतेत, फराळाचं काय केलंस?"

हे मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. त्याच दिवशी मी शेजारच्या गफूरभाईच्या पिठाच्या गिरणीत गेलो, दळणाच्या काट्यावर उभा राहिलो, आकडा बघितला आणि उपाशी राहायचं ठरवलं.

आता या गफूरभाईचं सांगतो. त्याच सुमारास गावाची डीपी जळाली होती. डीपी म्हणजे खांबावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर. ती जळाली की गावातले दिवे, पंखे, मोबाइल आणि माणसं, सगळेच थंड पडतात. पण खरा मार बसला गफूरभाईला. गिरणी बंद म्हणजे त्याची चूल बंद. बाया डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला जायला लागल्या, आणि एकदा दुसऱ्या गिरणीची सवय लागलेलं गिऱ्हाईक परत येत नसतं. गफूरभाई विजेच्या ऑफिसात खेटे घालून थकला. तिथले इंजिनियर साहेब दर वेळी सांगायचे, "वरून येईल." वरून म्हणजे कुठून, ते कोणी सांगेना.

माझ्या दुकानातही अंधार आणि उकाडा. त्यात एका मंडपवाल्यानं लग्नसराईच्या आधी शिवून दे म्हणून फाटका शामियाना आणून टाकला. तो दुकानात मावेना. मग मी तो ग्रामपंचायतीसमोरच्या कडुलिंबाला बांधला, खाली गादी टाकली, टेकायला लोड ठेवला आणि सावलीत बसून भोकं शिवायला लागलो. शेजारी पाण्याचा तांब्या. अंगात पांढरा सदरा-पायजमा, कारण सगळ्या पँटी उसवून ढिल्या करायला काढल्या होत्या. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? (हे जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना विचारतोय. जिल्ह्यातल्यांना एव्हाना कळलं असेल.)

डाएटचा पहिलाच दिवस. सकाळचे नऊ वाजले असतील. समोरच्या हॉटेलात मिरची-भजी तळून राह्यले होते आणि मी सुईत दोरा ओवायचं सोडून तिकडंच बघत होतो. तेवढ्यात काशिनाथअण्णा आले. तालुक्यात कुठंही आंदोलन असलं की अण्णा पहिल्या रांगेत असतात, मागणी काय आहे ते नंतर विचारतात.

"मास्टर, चला, चहा घेऊ."

"न्हाई अण्णा. खाणंपिणं बंद केलंय. फक्त पाणी."

अण्णांनी वर शामियान्याकडं पाहिलं. मग गादीकडं. मग समोरच्या ग्रामपंचायतीकडं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"कव्हापासून?"

"रातच्याला जेवलो, तव्हापासून."

"अन् आम्हाला सांगितलं बी न्हाई?"

"त्यात काय सांगायचं अण्णा? पोट कमी करून राह्यलो."

अण्णांनी डोळा मारला. "बराबर. पोलिसांनी विचारलं तरी हेच सांगायचं. लई हुशार निघाले तुम्ही."

अण्णा गेले आणि दहाच्या आत हार घेऊन परत आले. त्यांच्यामागं सरपंच, सरपंचामागं सरपंचाचे विरोधक (आपण मागं राहू नये म्हणून), आणि त्यांच्यामागं अर्धं गाव. कोणीतरी माझ्या डोक्यावर शामियान्याला 'डीपी मिळालीच पाहिजे' असा फलक बांधला. मी प्रत्येकाला शपथेवर खरं सांगितलं. कोणीही विश्वास ठेवला नाही. माणूस स्वतःच्या ढेरीसाठी उपाशी राहतो ही गोष्टच कोणाला पटेना. सरपंच तर म्हणाले, "मास्टरचा मोठेपणा बघा, श्रेय बी घेत न्हाई."

मी म्हटलं, असू दे. बारा वाजले की आपली खायची वेळ. समोर डबा उघडला की लोक आपोआप घरी जातील.

बारा वाजता मंगल डबा घेऊन आली. गर्दीतल्या बायांनी तिला वाटेतच धरलं. "वहिनी, काळीज घट्ट करा. डबा परत न्या."

"अगं बाई, पण यांचा जेवायचा टाइम झाला," मंगल म्हणाली. तिला कोणी पुढं येऊ देईना. डब्यात वांग्याचं भरीत होतं. ते कोणी सांगायची गरज नव्हती, वास माझ्यापर्यंत आला होता.

मी उठून उभा राहिलो. आता स्पष्ट सांगायचं, काय व्हायची ती फजिती होऊ दे. तेवढ्यात गर्दीतून गफूरभाई आला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"मास्टर, मैं चक्कर मार मार के थक गया," तो म्हणाला. "सगा भाई बी मेरे वास्ते भूका नै बैठता."

एरवी गफूरभाईचे हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे असतात. त्या दिवशी ते स्वच्छ होते. ते स्वच्छ हात बघून मला खरं सांगवेना. मी मंगलला म्हणालो, "डबा घेऊन जा." आणि खाली बसलो. माझ्या आयुष्यातला हा एकमेव त्याग, आणि तो भरताच्या वासात करावा लागला.

दुपारनंतर आसपासच्या गावांतून पाठिंबा यायला लागला. पाठिंबा देणारी माणसं लांबून आलेली, त्यांना उपाशी कसं ठेवायचं? सरपंचांनी माझ्या गादीपासून हाताच्या अंतरावर पंगत मांडली. भाकरी, पिठलं, ठेचा, वर जिलेबी. अण्णा जिलेबीचा पाक बोटावरून चाटत भाषण करत होते, "मास्टरच्या पोटात अन्नाचा कण न्हाई, अन् सरकार झोपलेलं हाय!" टाळ्या वाजवायला लोकांनी हातातली भाकरी खाली ठेवली, वाजवल्या, पुन्हा उचलली. मग साखळी उपोषणाची घोषणा झाली. त्यात दर दोन तासांनी माणूस बदलणार होता. दोन जेवणांच्या मधे दोन तास तर आपण सगळेच उपाशी असतो, पण त्यांना हार मिळाले.

संध्याकाळी मंगल नवा लोड घेऊन आली. "हा घ्या, मऊ हाय," असं म्हणून तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच त्यावर कान ठेवून आडवा झालो. लोडाच्या खोळीत, फडक्यात गुंडाळलेलं गरम धपाटं होतं. लसणाचा वास थेट मेंदूत गेला. मी खोळीत हात घातला, आणि पलीकडच्या बाजूनं गावातल्या कुत्र्यानं तोंड घातलं. त्याला वास माझ्याआधी आला होता. फडकं अर्धं बाहेर आलं. मी ओढतोय, कुत्रं ओढतंय, समोर दीडशे माणसं भजन म्हणतायत.

शेजारी बसलेल्या गफूरभाईनं शांतपणे आपली शाल काढली आणि माझ्यावर, लोडावर आणि कुत्र्याच्या निम्म्या तोंडावर टाकली. मग माझ्या कानाशी वाकला.

"खा लेओ मास्टर. ऊपरवाला सब देखता, उसकू मालूम है. बस इंजिनियर ने नै देखना."

माझा चेहरा पडला. "गफूरभाई, तुम्हाला माहीत होतं?"

"सुबह से मालूम है. परसों मेरेच काटे पे वजन करके गए ना तुम. पेट के वास्ते बैठे थे, बराबर. पर डब्बा वापस भेजे, वो तो मेरे वास्ते भेजे ना?"

माझे डोळे भरून आले. मी ठरवलं, आता धपाटं खायचं नाही. या माणसासाठी खरंखुरं उपाशी राहायचं. असा उदात्त विचार करून मी खोळीत हात घातला तेव्हा धपाटं तिथं नव्हतं. कुत्रं लिंबामागं बसून खात होतं. तेव्हा या उपासाचं निम्मं श्रेय त्या कुत्र्याचं आहे, हे मी इथं नमूद करतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आरोग्य केंद्रातून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ब्लडप्रेशर बघितलं आणि गफूरभाईचा काटा बाहेर मागवला. मी त्यावर उभा राहिलो, गफूरभाईनं आधीचा आकडा सांगितला. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "वजन कमी झालंय."

गर्दी हळहळली. बायांनी तोंडाला पदर लावले. कोणीतरी निषेधाची घोषणा दिली.

"खरंच? किती?" मी इतक्या आनंदानं विचारलं की अण्णांनी माझा दंड दाबला.

"मास्टर, तोंड पाडा," ते पुटपुटले. "पेपरवाले हायेत."

ही बातमी तहसील कचेरीत गेली, तिथून विजेच्या ऑफिसात फोन गेला, आणि इतके दिवस वरून येणार असलेली डीपी खालच्याच रस्त्यानं ट्रकमध्ये बसून आली. पुढच्या जीपमधून इंजिनियर साहेब उतरले. त्यांच्या हातात मोसंबीच्या रसाचा ग्लास होता. (उपोषण सोडायला आमच्याकडं मोसंबीच लागते. बागा आमच्याच आहेत.)

"मास्टर, तुमची मागणी मान्य," साहेब म्हणाले. "डीपी आणली. घ्या, रस घ्या."

मी ग्लासाकडं पाहिलं. मग ग्रामपंचायतीच्या घड्याळाकडं पाहिलं. दहा वाजले होते. दीड दिवस पोट रिकामं असलं की डोकंही रिकामं होतं, आणि रिकाम्या डोक्यात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे संजयचा नियम.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "बारा वाजल्याशिवाय मी तोंडात काही घालणार न्हाई."

अण्णा हळूच म्हणाले, "बघा. नुसत्या डीपीवर भुलला न्हाई गडी." साहेबांच्या कपाळावर घाम आला. ते वायरमनकडं वळले. "ऐकलं ना? बाराच्या आत लाइन चालू पाहिजे. कसलंही कारण नको."

माणसं खांबावर चढली. इतकी जल्दी काम होताना आमच्या गावानं कधी पाहिलं नव्हतं. बाराला काही मिनिटं कमी असताना गफूरभाईची गिरणी खाकरली, घरघरली आणि सुरू झाली. बाया दळणाचे डबे घेऊन पळत सुटल्या. मी रस प्यायलो. पहिलं दळण काढून गफूरभाई बाहेर आला आणि त्यानं मला मिठी मारली. माझ्या पाठीवर पिठाचे दोन पांढरे पंजे उमटले असं मंगलनं सांगितलं. मी दिवसभर सदरा बदलला नाही.

यापुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती लाजिरवाणी आहे. उपाशी राहिलेल्या मास्टरला प्रत्येक घरानं जेवायला बोलावलं. नाही कोणाला म्हणणार? पुरणपोळ्या झाल्या, धिरडी झाली, गफूरभाईकडं दोनदा बिर्याणी झाली. सकाळी बोलावलं तरी गेलो आणि रात्री बोलावलं तरी गेलो. महिन्याभरानं त्याच काट्यावर उभा राहिलो तेव्हा गफूरभाईनं आकडा वाचला, माझ्याकडं बघितलं आणि काटा बिघडलाय असं म्हणाला. मित्र असावा तर असा. त्या उसवलेल्या पँटी मी आता आणखी ढिल्या केल्या आहेत.

संजयला अजून मी मोठा निग्रही माणूस वाटतो. गावाला तर त्याहून जास्त वाटतो. गेल्या आठवड्यात पाण्याच्या टाकीची मोटार जळाली. सरपंच आणि अण्णा आमच्या घरी आले. मी आपला ओट्यावर बसून शेंगदाण्याचा लाडू खात होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"वहिनी," अण्णा म्हणाले, "मोटार जळाली. मास्टरचं जेवण बंद करावं लागन."

मंगल भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवून खाली ठेवला आणि विचारलं, "आजपासून का उद्यापासून?"