मेव्हण्यांच्या बरणीतले वाल

अख्ख्या ठाणे जिल्ह्यात पापड खाण्याआधी तो कानाशी मोडून बघणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. मेव्हणे डोंबिवलीत राहतात आणि माजिवड्याच्या एका प्रयोगशाळेत काम करतात. बिस्कीट, दूध पावडर, बियाणं, जे येईल त्याचा चिमूटभर नमुना ॲल्युमिनियमच्या बारक्या वाटीत बंद करून ते तापवतात. काचेसारखा कडक पदार्थ कोणत्या तापमानाला मऊ पडू लागतो, हे तिथलं यंत्र सांगतं. ओल शिरली की तो लवकर मऊ पडतो, म्हणून ओल ही त्यांची जन्माची वैरीण. त्यांच्या घरी पाहुणा बसायच्या आधी डब्याचं झाकण बसतं. एका साखरपुड्यात त्यांनी शंकरपाळं कानाशी मोडलं आणि मुलाच्या आईला म्हणाले, "आवाज उतरलाय. तुमचा डबा नीट लागत नाही."

"मग आणखी नको वाढू?" बाई फणकारल्या.

"वाढा की. दोष डब्याचा आहे."

तरीही ते लग्न झालं.

त्यांच्या फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी वालांची बरणी असे. वहिनी हे वाल खडवलीच्या माहेराहून आणून दरवर्षी बाल्कनीत लावत. त्या वारल्यावर उरलेले वाल मेव्हण्यांनी कडकडीत वाळवून बंद केले. "कोरडं बी आतून काचेसारखं असतं. त्यात जीव थांबून राहतो," ते सांगत. हे जिवंत आहेत कशावरून, असं मी एकदा विचारलं. "पेरल्यावर कळेल," म्हणाले, आणि विषय शेवेच्या पाकिटाकडे नेला. लोकांच्या बिया तपासणाऱ्या या माणसाला स्वतःच्या बरणीचा निकाल नको होता.

गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे होतो. मेव्हणे कामावर असताना बायकोने बिरड्यासाठी ते सगळे वाल भिजत घातले. परतल्यावर ते पातेल्यासमोर नुसते उभे राहिले.

"अगं, तुझ्या वहिनीचे होते हे."

"अरे दादा, मला काय माहीत! फ्रिजमध्ये वाल कोण ठेवतं?" ती रडवेली झाली. "उपसून वाळवू?"

"आता नाही उपयोग."

त्यांनी स्वतःच पाणी काढलं आणि वाल फडक्यात बांधले. त्या दिवशी पापड त्यांनी न ऐकताच खाल्ला.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी पुरचुंडी सोडली. वालांना मोड आले होते. ते एकेक उचलून पाहत राहिले.

"आहेत," म्हणाले.

"मग सोलू का?" बायकोने भीतभीत विचारलं.

"हात तर लावून बघ!"

कुंड्या पुरेनात, म्हणून मजल्यावरच्या सगळ्यांच्या बाल्कन्यांत वाल लागले. आम्ही निघालो तेव्हा ती बरणी ओट्यावर धुऊन पालथी घातलेली होती. झाकण बाल्कनीत होतं. मेव्हणे त्यातून वालांना थोडं थोडं पाणी घालत होते.