नाही म्हणण्याचे साडेएकोणतीस रुपये

चूक योगेशची होती. योगेश म्हणजे हे लिहिणाराच, त्यामुळे ती जरा लहान करून सांगण्याचा मोह होतो. पण उषाबाई सुरतेच्या नवागाममध्ये शेजारच्याच खोलीत राहतात आणि त्यांच्या कानावर सगळं जातं, म्हणून खरं सांगणं भाग आहे.

दिवाळी सरल्यावर एका शनिवारी दोघे कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये उभे होते. उषाबाईंच्या खात्यात चार हजार दोनशे शिल्लक असल्याची पावती मशीनने दिली होती.

"कागदावर काय, काहीही छापतील," उषाबाई म्हणाल्या. "तू दहा हजार माग."

"मावशी, तेवढे नाहीतच खात्यात."

"म्हणून तर माग म्हणते. बघू काय बोलतं ते."

योगेशने दहा हजार दाबले. मशीनने थोडा वेळ घेतला, दोनदा पिकपिक केलं आणि कार्ड बाहेर ढकललं. पैसे नाहीत.

उषाबाईंचा चेहरा खुलला. "सरळ दिसतं बिचारं. दर आठवड्याला विचारलं तर चालेल ना?"

"रोज विचारा की! नाही म्हणायला काय पैसे पडतात?"

पारोळ्याच्या कॉलेजातून बी. कॉम. झालेल्या माणसाने हे इतक्या ठामपणे सांगितलं की उषाबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, कुणाच्या तरी बोलण्यावर विश्वास ठेवला.

हे दहा हजार मागणं म्हणजे उषाबाईंची जुनी रीत. मार्केटमधून साड्यांची पोटली, म्हणजे गाठोडी, घरी येतात, उषाबाई आणि त्यांची सून शीतल दिवसभर बसून साड्यांच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापतात आणि पोटली परत जातात. नेणारा माणूस विचारतो, "बेन, कितनी दी?" साठ दिलेल्या असल्या तरी उषाबाई सांगतात, "सत्तर." तो म्हणाला, "ना ना, साठ," तर त्याची वही सरळ. तो "हां, सत्तर" म्हणाला, तर वही नाहीच. आज जास्त लिहील, उद्या कमी लिहील. एकाने असेच दहा साड्यांचे जास्तीचे पैसे दिले होते. ते परत करून उषाबाईंनी त्याचं काम सोडलं. सध्याचे कांतिभाई सहा वर्षं टिकलेत, कारण सहा वर्षं ते दर खेपेला "ना ना" म्हणत आलेत.

गेल्या वर्षापासून कांतिभाईंच्या शेठने रोख देणं बंद केलं. पैसे खात्यात येऊ लागले, तेही कधी पाच तारखेला तर कधी बाराला. मेसेज जातो उषाबाईंच्या मुलाच्या, लोकेशच्या फोनवर. लोकेश हजीऱ्याला ठेकेदाराकडे काम करतो, तिथेच राहतो आणि रविवारी घरी येतो. बँकेचे मेसेज तो न वाचताच पुसतो. तेव्हा मशीनची परीक्षा उषाबाईंनी स्वतःच घ्यायची ठरवली. दर शनिवारी भाजी घ्यायला जाताना दहा हजार मागायचे, नकार घ्यायचा आणि समाधानाने मेथी निवडायची.

संक्रांतीनंतर त्यांनी पासबुक छापून आणलं. उषाबाईंना अक्षरं फारशी येत नाहीत, पण आकडे पाठ आणि 'एटीएम' ही तीन इंग्रजी अक्षरं ओळखीची. त्या तीन अक्षरांपुढे साडेएकोणतीस रुपये. एकदा नाही, नऊदा.

मशीनमधून आपण तर छदाम काढला नाही. म्हणजे कार्ड दुसरं कुणी वापरतंय. कार्डाचा गुप्त नंबर ठाऊक कुणाला? शीतलला. कार्ड आलं तेव्हा तिनेच तो मशीनमध्ये घालून दिला होता.

मशीन शंभराच्या खाली नोट देत नाही, मग साडेएकोणतीस कसे निघाले, हा प्रश्न उषाबाईंना पडला नाही असं नाही. पण त्यांचा अनुभव वेगळा होता. पोटल्यातून चोर दहा साड्या कधीच काढत नाही, एकेकच काढतो.

त्यांनी पासबुक कुणालाच दाखवलं नाही, योगेशलाही नाही. कार्ड तूरडाळीच्या डब्यात घातलं, झाकण लावलं आणि फटीवर साडीचा एक सोनेरी धागा असा आडवा ठेवला की डबा उघडला तर तो पडलाच पाहिजे. डाळ लागेल तशी त्या स्वतःच काढून देऊ लागल्या. आणि चोराच्या आधी आपण पोचावं म्हणून मशीनकडे शनिवारबरोबर बुधवारीही जाऊ लागल्या.

शीतल काही खुळी नव्हती.

"आत्याबाई, डाळ मी घेतली तर चालत नाही का आता?"

"तुला कशाला त्रास."

"चार वर्षं नव्हता तो त्रास."

उषाबाई कात्री चालवत राहिल्या. मग खालमानेने म्हणाल्या, "माझं कार्ड कुणी घेतं का गं?"

शीतलने हातातली साडी खाली ठेवली. "कुणी म्हणजे घरात आपण दोघीच. सरळ नाव घ्या की."

त्या संध्याकाळी तिने लोकेशला फोन केला. तुम्ही रविवारी याल तेव्हा मी तुमच्याबरोबर हजीऱ्याला येणार, खोली बघा, नाहीतर माहेरी जाते. पातळ भिंतीतून योगेशने ऐकलं, म्हणजे उषाबाईंनीही ऐकलंच. त्यांनी जेवण टाकलं. पांढऱ्या साडीवरचा पांढरा धागा त्यांना आता दिसत नव्हता. शीतल बोटाने दाखवी, मग त्या कापत. चाळीस साड्यांच्या दिवसात दोघींचं बोलणं चाले ते निम्मं भांडणच, पण चाले. ती गेली तर खोलीत कात्रीचाच आवाज उरणार होता.

शुक्रवारी उषाबाईंनी पुन्हा पासबुक छापून आणलं. आणखी पाच साडेएकोणतीस. डब्यावरचा धागा मात्र जागचा हलला नव्हता. हलला असेल तो फक्त त्यांच्याच हाताने.

त्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. पासबुकातल्या तारखांवर बोट फिरवत गेल्या. शनिवार. शनिवार. पुढे बुधवार, शनिवार. हे तर आपलेच मशीनकडे जायचे वार. असे वार पाळून कुणी चोरी करतं का? त्या खाली बसल्या. मग उठून योगेशचं दार वाजवलं आणि त्याला शर्टाची बटणंही लावू न देता बँकेत नेलं.

काउंटरवरच्या बाईंनी पासबुक पाहिलं. "माजी, ए तो डिक्लाइन चार्ज छे. दुसऱ्या बँकेच्या मशीनमध्ये पैसे मागितले, खात्यात नव्हते. पंचवीस रुपये, वर टॅक्स."

"मशीनने मला काय दिलं?"

"काही नाही."

"मग पैसे कशाचे?"

"नाही सांगितलं, त्याचे."

"नाही सांगायचे पैसे? कांतिभाई सहा वर्षं नाही म्हणतोय, एक रुपया घेत नाही!"

"कोण कांतिभाई?" बाईंनी योगेशकडे पाहिलं. योगेश छताचा पंखा पाहत होता.

"मावशी, आपण नुसती शिल्लक पाहिली असती तर..." तो पुटपुटला.

"माले नको शिकाडू!" उषाबाई चिडून अहिराणीवर आल्या. "रोज विचारा की, म्हणणारा कोण होता?"

उषाबाईंनी योगेशला लेखी तक्रार द्यायला लावली. बाईंनी ती घेतली, शिक्का मारला आणि पैसे परत येणार नाहीत हेही सांगितलं. "हे सांगायचे किती?" उषाबाईंनी विचारलं. बाई पहिल्यांदाच हसल्या.

रविवारी लोकेश आला. शीतलची पिशवी दाराशी भरून तयार होती. उषाबाईंना माफी मागता येत नाही. त्यांनी डाळीचा डबा उघडला, कार्ड काढलं, पदराला पुसलं आणि शीतलपुढे ठेवलं.

"चोर मीच निघाले. यापुढे मशीनपाशी तू जायचं. मी बाहेर उभी राहीन."

"बाहेर कशाला?"

"बघायला."

शीतलला हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू. "पिशवी भरलीच आहे, तर आठ दिवस जाऊन येते," ती म्हणाली. "तेवढे दिवस पांढऱ्या साड्या घेऊ नका." ती आठवडाभर जाऊन खरंच परत आली. तोवर उषाबाई दारात उभ्या राहून रस्त्याकडे पाहत होत्या, आणि कुणी विचारलं की कांतिभाईंची वाट बघतेय म्हणत होत्या.

चौदा नकारांचे चारशे तेरा रुपये गेले ते गेले. पण त्यांतला पहिला नकार योगेशने स्वतःच्या बोटाने दाबला होता, हे उषाबाई विसरल्या नाहीत. तेवढे साडेएकोणतीस त्याच्या नावावर आहेत. फोनवरून पाठवतो म्हटलं तर दिसत नाहीत म्हणून नको. तीस रुपये पुढे केले तर हात मागे.

"तीस घेतले तर तुझे आठ आणे माझ्याकडे राहतील. उद्या सगळ्या गल्लीत सांगत सुटशील."

"नाही सांगणार, मावशी."

"तुझ्या 'नाही'चं मला सांगू नकोस."

सुरतभर आठ आण्याचं नाणं मिळत नाही. साडेएकोणतीस रुपये अजून बाकी आहेत.